थांबाबाईंचा फुगेखाना

तोंडावर सगळे त्यांना 'बाई' म्हणायचे आणि पाठ वळली की 'थांबाबाई'. हे नाव कुणी ठेवलं याची चौकशी करण्यात अर्थ नव्हता, कारण विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागातल्या प्रत्येकाला ते आपणच ठेवलंय असं वाटायचं आणि प्रत्येकजण तसं छातीठोकपणे सांगायचाही. बाईंचं बोलणंच 'थांबा'पासून सुरू व्हायचं. चहा ओतताना थांबा, कप कोरडा आहे का बघू. लिफ्टचं दार लागताना थांबा, माणसं मोजू. जुन्या साहेबांच्या साठीला केक आणला, सगळे टाळ्या वाजवायला हात उचलून उभे, तर बाई म्हणाल्या, "थांबा, सुरी धुतलीय का?" सुरी धुवायला गेली ती परत आलीच नाही. शेवटी साहेबांनी फूटपट्टीने केक कापला, आणि ती फूटपट्टी आधी कुठेकुठे फिरून आली होती हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

भिंगरीला हे सगळं ऐकून माहीत होतं. भिंगरी म्हणजे बाईंच्या हाताखाली डॉक्टरेट करणारी मुलगी. एका जागी दोन मिनिटं शांत बसली तर हिला ताप भरला की काय असं लोकांना वाटायचं, म्हणून भिंगरी. अशा मुलीला अशा बाई मिळाव्यात ही नशिबाने केलेली शुद्ध चेष्टा होती. ही पोरगी सहा महिन्यांत पळणार, अशी सगळ्यांची खात्री होती. पण ती पळाली नाही. पाच वर्षं टिकली, आणि का टिकली हे विचारलं असतं तर तिलाही धड सांगता आलं नसतं.

एक कारण बाईंचे यजमान असावेत. त्यांचं कुलुपांचं दुकान होतं, आणि विभागातलं एखादं कपाट अडलं की त्यांनाच बोलावणं जायचं. आले की हातात स्क्रूड्रायव्हर आणि तोंडात गोष्ट. आपल्या लग्नाची गोष्ट ते रंगवून सांगायचे, आणि बाई समोर असल्या तर जरा जास्तच.

"ही खोलीला कुलूप घ्यायला दुकानात आली," ते सांगायचे. "लावून बघितलं, काढून बघितलं, ओढून बघितलं. लटकून बघायचं तेवढं ठेवलं. घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी परत हजर. म्हणे, लागतं नीट, पण नीट लागलंय याची खात्री वाटत नाही. असं करत दुकानातली सगळी कुलपं झाली गं! शेवटी मीच म्हटलं, बाई, कुलूप राहू द्या, दुकानदारच घेऊन जा. तर म्हणते कशी, थांबा!"

"मग?" भिंगरीने विचारलं होतं.

"मग काय, थांबलो दोन वर्षं."

"मी विचार करत होते," मायक्रोस्कोपवरून डोळे न काढता बाई म्हणाल्या. "अजून करतेय."

तर अशा बाई. त्यांची खोली बोळाच्या टोकाला होती. एक खिडकी, एक इन्क्युबेटर, एक मायक्रोस्कोप आणि त्याच्यावर घालायला बाईंनी स्वतः शिवलेली कापडी टोपी. एक स्टूल बाईंचं, त्यावर उशी. दुसरं भिंगरीचं, त्यावर बहुतेक वेळा भिंगरीची पिशवी, कारण भिंगरी उभीच असायची. या खोलीला सगळे 'फुगेखाना' म्हणायचे, आणि ते नाव मात्र खोटं नव्हतं. त्या खोलीत खरोखरच फुगे तयार व्हायचे, फक्त ते बघायला मायक्रोस्कोप लागायचा.

पहिल्या दिवशी बाईंनी तिला त्या स्टुलावर बसवलं आणि एका काचेवर निळ्या रंगात रंगवलेल्या पेशी दाखवल्या. "काय दिसतंय?"

"छोट्या छोट्या पेशी. दाटीवाटीने."

बाईंनी काच बदलली. "आता?"

भिंगरीने डोळा लावला आणि "अगं बाई!" म्हणून मागे सरकली. त्याच जातीच्या पेशी, पण एकेक चारचार जणींची जागा अडवून पसरलेली. आतलं केंद्रकही तसंच ऐसपैस.

"एका पेशीच्या दोन व्हायच्या असतात," बाई सांगू लागल्या. "त्याआधी आतला डीएनएचा धागा दुप्पट करायचा. मग तो कुठे तुटलाय का ते बघायचं. धड असला तर मधोमध आवळायचं आणि दोन व्हायचं. त्या बघण्याच्या जागी पेशीचेच पहारेकरी बसलेले असतात. धागा तुटका दिसला की ते म्हणतात, थांबा."

"तुमच्यासारखेच!" भिंगरी बोलून गेली आणि तिने जीभ चावली. पहिलाच दिवस, अजून फॉर्मवरची शाई वाळली नव्हती.

"माझ्याकडूनच शिकलेत ते," बाई म्हणाल्या. चेहऱ्यावर एक रेष हलली नाही. "आता हा जो आपला जीवाणू आहे ना, पोट बिघडलेल्या माणसाच्या आतड्यात सापडणारा, तो महालबाड. त्याच्या विषाचे तीन तुकडे. दोन तुकडे तिसऱ्याला पेशीत पोचवतात. तिसरा आत जातो, थेट केंद्रकात, आणि धागा कापतो. बस्स. गळा दाबत नाही, भिंत फोडत नाही. नुसता धागा कापतो. पुढचं सगळं पेशीच करते. पहारेकरी दार लावतात, दुरुस्ती होईपर्यंत पुढे जायचं नाही म्हणतात. पण खायचं थांब असं तिला कुणी सांगितलेलं नसतं. काम बंद, जेवण चालू. फुगणार नाही तर काय होईल? आमचे मोठे दीर अगदी असेच होते."

"मग पुढे?"

"पुढे बऱ्याचशा मरतात. काही तशाच बसून राहतात. आतड्याचं अस्तर सारखं झिजत असतं, नव्या पेशींनी ते भरून काढायचं. त्या आल्याच नाहीत की अस्तराला भगदाडं पडतात, आणि या जीवाणूला आयतं घर मिळतं."

भिंगरी घरी जाऊन रात्रभर त्या लबाड जीवाणूचा विचार करत बसली. माणसाच्या काळजीखोर स्वभावाचाच फायदा घेऊन त्याला बसवून ठेवायचं! तिला मनापासून हसू येत होतं. पाच वर्षं टिकण्याचं खरं कारण बहुतेक तेच.

पाच वर्षांत तिने एक गोष्ट शोधून काढली, स्वतःच्या हिमतीवर. पेशींना विष थोडाच वेळ द्यायचं. मग ते स्वच्छ धुऊन टाकायचं, ताजं खाणं घालायचं आणि वाट बघायची. विष गेलं. कापलेला धागाही पुष्कळशा पेशींनी सांधून घेतला. तरी त्या पेशी थांबलेल्याच! चोर जाऊन जमाना लोटला, कडी-कोयंडा दुरुस्त झाला, आणि घरातली माणसं अजून दाराला पाठ लावून बसलेली. बाईंनी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा त्या स्टुलावरून उठल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "छान आहे गं हे," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या तोंडून 'छान' ऐकलेला माणूस विभागात दुसरा नव्हता.

लेख लिहून झाला. लांबच्या देशातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेने भिंगरीला जागाही देऊ केली. अट एकच: येत्या महिनाअखेर प्रबंध दाखल झालेला हवा. आणि विभागाचा नियम असा, की लेख मासिकाकडे पाठवल्याशिवाय बाईंनी प्रबंधावर सही करायची नाही. म्हणजे सगळं येऊन अडलं ते बाईंच्या एका बोटावर. लेख कॉम्प्युटरवर तयार होता. 'पाठवा'चं बटण दाबायचं, की झालं.

"थांब," बाई म्हणाल्या. "एकदा परत मोजू."

परत मोजलं. तोच निकाल.

"मला सर्दी होती तेव्हा," बाई म्हणाल्या. "डोळ्याला पाणी येत होतं. परत मोजू."

सर्दी गेली, परत मोजलं. मग मायक्रोस्कोपचा दिवा पिवळा वाटायला लागला. दिवा बदलला. मग बाईंनी चष्मा बदलला, आणि नव्या चष्म्याने जुनं मोजमाप कसं धरायचं? भिंगरीच्या नाकी नऊ आले. एकदा तर ती बोळात जाऊन भिंतीवर डोकं आपटल्याचा अभिनय करत होती, तेवढ्यात बाई मागून आल्या आणि म्हणाल्या, "थांब, तिथे ओला रंग आहे."

"असं काय करतात हो त्या?" तिने कुकरमामांना विचारलं.

कुकरमामा म्हणजे विभागातले परिचर. काचसामान वाफेने निर्जंतुक करायचं ते भलंमोठं यंत्र त्यांच्या ताब्यात होतं, प्रेशर कुकरचा थोरला भाऊ शोभेल असं, म्हणून हे नाव. ते आणि बाई एकाच वर्षी नोकरीला लागलेले.

"तुला माहीत नाही होय?" मामा म्हणाले. "बाई तुझ्याएवढ्या होत्या तेव्हा त्यांच्या सरांनी घाईघाईने एक लेख पाठवून दिला. यांचं नाव घालून. नंतर निघालं काय, तर पेशी विषाने फुगल्याच नव्हत्या, खाणंच नासलं होतं. सर पडले आजारी. मग भर सभेत, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये, बाईंना उभं राहून सांगावं लागलं, आमचं चुकलं म्हणून. लोक हसले पोरी. मी मागे पाण्याचे ग्लास भरत होतो. तेव्हापासून हे थांबा."

भिंगरीला बाईंची दया आली, आणि दया संपल्यावर पुन्हा राग आला. कारण बाई दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, "थांब. असं कर, सगळं पहिल्यापासून लाव. नव्या पेशी, नवं विष, नव्या काचा."

नवा प्रयोग म्हणजे जवळजवळ आठवडा. तो झाला की बाई आणखी एक सांगणार, मग आणखी एक, आणि महिनाअखेर येऊन निघून जाणार. ती जागा तिच्यासाठी कुणी रुमाल टाकून अडवून ठेवणार नव्हतं. आई-बाबांनी नातेवाइकांना सांगून टाकलं होतं. धाकट्या भावाने तिच्या खोलीत आपला पलंगसुद्धा हलवला होता!

आणि मग तिच्या डोक्यात ती आगाऊ कल्पना आली.

बाईंचा मोजण्याचा एक रिवाज होता. मन लबाड असतं, त्याला हवं तेच ते दाखवतं, असं त्या म्हणायच्या. म्हणून कुठल्या काचेवरच्या पेशींना विष दिलंय आणि कुठल्या साध्या, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. मामा काचांच्या टोकावरच्या खुणा चिकटपट्टीने झाकायचे, काचा पिसायचे आणि बाईंपुढे ठेवायचे. बाई मोजायच्या. सगळं मोजून झाल्यावरच पट्ट्या सोलायच्या, तोवर नाही. या बाबतीत त्या इतक्या कडक, की एकदा एक पट्टी अर्धवट निघाली तर त्यांनी डोळे गच्च मिटून "झाका, झाका!" म्हणून ओरडा केला होता, आणि बोळातले लोक भलताच गैरसमज करून घेऊन परत फिरले होते.

"मामा," भिंगरी म्हणाली, "मी नवा प्रयोग लावणार नाही. पहिल्याच काचा तुम्ही परत झाकून द्यायच्या. बाई मोजतील. निकाल तोच येईल. परत नवा लाव म्हटल्या, की परत त्याच काचा. तीनदा मोजल्या की पट्ट्या सोलून दाखवू. म्हणू, बाई, त्याच काचा तुम्ही न ओळखता पुन्हा पुन्हा मोजल्यात आणि दर वेळी तेच उत्तर आलं. आता तरी स्वतःवर विश्वास ठेवा!"

मामांनी कपाळाला हात लावला. "पोरी, मला निवृत्तीला थोडेच महिने राहिलेत."

"म्हणून तर. तुम्हाला आता कोण काय करणार?"

मामांनी थोडा विचार केला. हे त्यांना पटलेलं दिसलं.

पुढचे दिवस भिंगरीने जो अभिनय केला त्याला तोड नाही. ती सकाळी येऊन हातमोजे चढवायची, नुसतं गुलाबी खाणं भरलेले फ्लास्क इन्क्युबेटरमधून काढायची, पेशींना खाऊ घातल्यासारखं करायची आणि परत आत ठेवायची. त्या फ्लास्कमध्ये पेशीचा मागमूस नव्हता. तरी ती त्यांच्याशी बोलायची, कारण एरवीही बोलायची. "काय गं, झोपलात का?" असं त्या रिकाम्या पाण्याला विचारताना तिचं तिलाच हसू यायचं.

पहिल्या खेपेला बाई मोजायला बसल्या. हातात टकटक करणारा गणक, डोळे मायक्रोस्कोपला. टक, टक, टक. मध्येच त्या थांबल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "या, या."

भिंगरीने दाराकडे बघितलं. दारात कुणीच नव्हतं. "कोण आलं बाई?"

"कुणी नाही. तू तुझं काम कर."

निकाल तोच आला. बाईंनी मान डोलवली आणि म्हणाल्या, "छान. आणखी एकदा लावू."

दुसऱ्या खेपेआधी त्या अचानक म्हणाल्या, "थांब, तुझे फ्लास्क बघू दे." बाईंनी एक फ्लास्क उजेडात धरला, तिरका केला, बराच वेळ बघितला. त्यात बघण्यासारखं होतं काय? नुसतं गुलाबी पाणी! पण बाई म्हणाल्या, "वा! या खेपेला पेशी फारच तरतरीत दिसतायत. काय घालतेस तू यांना?"

"नेहमीचंच, बाई."

"हात चांगला आहे तुझा," बाई म्हणाल्या आणि फ्लास्क परत ठेवला. भिंगरीचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी ती मामांना म्हणाली, "चष्म्याचा नंबर खरंच चुकलाय बरं का त्यांचा."

तिसऱ्या खेपेचं मोजणं संपलं तेव्हा महिना संपायला दोनच दिवस उरले होते. दुपारची वेळ. खिडकीतून ऊन आत आलं होतं. फ्रीजचं कुलूप अडकलं म्हणून यजमान येऊन जमिनीवर फतकल मारून बसले होते. मामा दारात उभे होते, पळायला सोयीचं पडावं अशा बेताने. बाईंनी गणक खाली ठेवला. "तोच निकाल," त्या म्हणाल्या. "थांब, मला वाटतं आपण..."

"नाही!" भिंगरी म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला. यजमानांचा स्क्रूड्रायव्हर थबकला. "बाई, आता तुम्ही थांबा." आणि तिने एकेक पट्टी सोलायला सुरुवात केली. प्रत्येक काचेवर तिच्याच अक्षरात पहिल्या प्रयोगाची तारीख होती. "बघा. या पहिल्याच काचा आहेत. नवं काही लावलंच नव्हतं. तुम्ही त्याच काचा पुन्हा पुन्हा मोजल्यात, न ओळखता, आणि एकदाही चुकला नाहीत. अजून काय हवंय तुम्हाला?"

मामांनी दाराची चौकट धरली.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"ये इकडे. बस. आज तरी बस." बाईंनी एक काच उचलून मायक्रोस्कोपखाली सरकवली, थोडी डावीकडे, थोडी वर. "बघ."

भिंगरीने बघितलं. काचेवर एक बारीक ओरखडा होता. ओरखड्याच्या अलीकडे एक प्रचंड पेशी पसरली होती, आजूबाजूच्या सगळ्यांना कडेला रेटून, एक कोपर शेजारणीच्या पोटात खुपसलेलं.

"या आमच्या सासूबाई," बाई म्हणाल्या. "अगदी हुबेहूब. बसण्याची पद्धतसुद्धा तीच."

"बघू," जमिनीवरून यजमान म्हणाले. ते उठून आले, डोळा लावला आणि गंभीरपणे म्हणाले, "आई."

"पहिल्या प्रयोगात भेटल्या, तेव्हाच मी नाव ठेवलं. मग तू नव्या म्हणून काचा दिल्यास आणि परत सासूबाई! जगात एवढ्या मोठ्या योगायोगावर माझा विश्वास नाही. म्हटलं, या, या."

भिंगरीचे कान तापले. गंडवायला निघालेली आपणच गंडलो होतो, तेही साग्रसंगीत. "म्हणजे तो फ्लास्क... तरतरीत पेशी..."

"पाणी चांगलं होतं," बाई म्हणाल्या. "त्या खेपांचे आकडे लेखात जाणार नाहीत, हे वेगळं सांगायला नको."

मामा दारातच हसायला लागले. यजमानही हसले. भिंगरीही हसणार होती, पण एकाएकी तिच्या लक्षात आलं आणि हसू जागच्या जागी विरलं. बाईंना पहिल्या खेपेलाच कळलं होतं. तरी त्यांनी आणखी एकदा लावायला सांगितलं. आणि मग आणखी एकदा. दिवस चालले होते, आणि त्या मजेत टकटक करत बसल्या होत्या.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली, "आणि तुम्ही माझे दिवस जाऊ दिलेत? बाई, माझी नोकरी जात होती! मला रात्र रात्र झोप नाही!" तिचा आवाज फुटला. "मामांनी सांगितलं मला सगळं. त्या सभेचं. वाईट झालं, मान्य. पण त्याला किती वर्षं झाली? सर गेले, ती माणसंही गेली. आपणच लिहिलंय ना लेखात, विष धुऊन टाकलं तरी पेशी हलत नाही म्हणून? ते तुमच्याबद्दलच लिहिलंय का मी?"

मामांनी डोळे मिटून घेतले. यजमानांनी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. असं बाईंशी कुणी बोललं नव्हतं.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मायक्रोस्कोपची टोपी हातात घेतली आणि तिच्या कडेचा एक निघालेला दोरा ओढत राहिल्या.

"सभेचं कधीच धुऊन गेलं गं," त्या म्हणाल्या. "तुझ्या कामाची मला पहिल्याच दिवशी खात्री होती. सर्दीबिर्दी काही नव्हती. दिवाही चांगला होता. लोक मला थांबाबाई म्हणतात हे मला माहीत नाही असं वाटतं का तुला? त्या नावाचा आडोसा मिळाला, एवढंच." त्यांनी दोरा बोटाभोवती गुंडाळला. "मी ही खोली उघडते तेव्हा आधी तुझी बडबड ऐकू येते. त्या पेशींशी चाललेली. पाच वर्षं रोज. तू गेलीस की इथे काय ऐकू येईल? या यंत्राची घरघर. मला तुला जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून मोजत बसले. लबाडी केली मी, आणि वर विज्ञानाच्या नावावर केली. त्याची मला लाज वाटते."

भांडायला कंबर कसून उभं राहावं आणि समोरच्याने भांडणच काढून घ्यावं, तसं भिंगरीचं झालं. तिला राग आलाच होता, तो गेलाही नव्हता, आणि तरी बाईंच्या हातातला तो दोरा बघवेना.

"टोपी उसवेल बाई," ती एवढंच म्हणाली.

"उसवू दे." बाईंनी टोपी बाजूला ठेवली. टेबलाचा खण ओढला, भिंगरीचा प्रबंध काढला आणि शेवटच्या पानावर सही ठोकली. पेन चालतंय का बघितलं नाही, तारीख परत वाचली नाही. मग उठून कॉम्प्युटरपाशी गेल्या. लेख उघडलेला होता. गेले कित्येक दिवस तो तसाच उघडा होता.

यजमान आणि मामा मागे येऊन उभे राहिले. बाईंनी चष्मा नाकावर सारखा केला आणि बोट उचललं.

तेवढ्यात भिंगरीला ती खोली दिसली. ऊन आलेली खिडकी, उशीचं स्टूल, तिचं पिशवी ठेवायचं स्टूल, काचेवर पसरलेल्या सासूबाई. हे बटण एकदा दाबलं की यातलं काही तिचं राहणार नव्हतं. पाच वर्षं दारापाशी उभी राहून ती जायची घाई करत होती, आणि दार उघडायच्या वेळी तिचे पायच हलेनात.

"थांबा!" ती ओरडली. "बाई, थांबा ना जरा!"

बाई थांबल्या नाहीत. त्यांनी बटण दाबलं, खुर्ची वळवली, आणि आपला रुमाल तिच्या हातात कोंबत म्हणाल्या, "आता रड."